विरुपाक्षी पुन्हा डोंगरावर

पळणीच्या मुरुगन देवळात प्रसाद म्हणून मिळणारे पंचामृत आपल्याकडच्यासारखे पळीने हातावर घ्यायचे नसते. दूध-दही त्यात नसतेच. केळी, गूळ, गाईचे तूप, मध आणि वेलची हे त्यातले पाच मुख्य जिन्नस. जोडीला खजूर आणि खडीसाखर. सगळे एकजीव झाले की चमच्याने उचलावा लागेल इतका घट्ट पदार्थ तयार होतो. भाविक तो डब्यातून गावी नेतात आणि तो बरेच दिवस टिकतो. २०१९ मध्ये या पंचामृताला, तामिळमधल्या पंचामिर्तमला, भौगोलिक मानांकन मिळाले. तामिळनाडूतल्या एखाद्या देवळाच्या प्रसादाला असे मानांकन मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

ते टिकते याचे एक कारण म्हणजे त्यात पाण्याचा थेंबही घालत नाहीत. पण वरून पाणी घातले नाही तरी केळ्याचे स्वतःचे पाणी असतेच. बाजारात सगळीकडे दिसणारे लांबट पिवळे केळे कुस्करून ठेवले तर थोड्या वेळात त्याला पाणी सुटते आणि गर काळा पडतो. पळणीच्या प्रसादाला लागणारे केळे वेगळे आहे. गराला ओल कमी, वास दाट, आणि साल सुकून काळवंडली तरी आतला गर चांगला राहतो. या केळ्याचे नाव विरुपाक्षी. त्याच्याच जातकुळीतले सिरुमलै हे दुसरे केळे शेजारच्या सिरुमलै डोंगरात होते. दोन्ही तामिळनाडूच्या दिंडीगुल जिल्ह्यातली, आणि दोघांनाही २००८-०९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले.

मानांकनाच्या नोंदवहीत नाव चढले तोवर बागा मात्र जवळजवळ बसल्या होत्या. १९७०च्या दशकात या डोंगरी केळ्यांखाली सुमारे १८,००० हेक्टर क्षेत्र होते. ते घसरत घसरत २,००० हेक्टरवर आले. दुष्काळ पडला नव्हता, भाव कोसळला नव्हता, जमिनी विकल्या गेल्या नव्हत्या. एका विषाणूने आणि त्याला पाठीवर घेऊन फिरणाऱ्या माव्याने हे केले. त्या पडझडीतून ही जात परत कशी उभी राहू लागली, ही कहाणी केळी पिकवणाऱ्या प्रत्येक प्रदेशाने नीट ऐकावी अशी आहे. महाराष्ट्राने तर नक्कीच.

पळणीचे डोंगर म्हणजे पश्चिम घाटातून पूर्वेकडे फुटलेली एक शाखा. वर, सुमारे २,१०० मीटरवर, कोडाईकनाल. विरुपाक्षी त्याखालच्या उतारांवरची, साधारण ६०० ते १,५०० मीटरच्या पट्ट्यातली. तांडिकुडी, पन्नैकाडु ही तिकडची गावे. पाऊस मुख्यतः ऑक्टोबरपासून पुढे, परतीच्या वाऱ्यांचा. पाटाचे पाणी नाही, ठिबक नाही. जे आभाळातून पडेल आणि पाचोळ्याखाली मुरेल, त्यावर बाग.

जळगावकडच्या शेतकऱ्याला तिथे नेऊन उभे केले तर केळीची बाग कुठे आहे, असे तो विचारील. खानदेशात दीड बाय दीड मीटरवर लागवड केली तर हेक्टरी ४,४४४ झाडे बसतात; रांगा सरळ, जमीन स्वच्छ, घड एका वेळी काढणीला येणारे. पळणीच्या डोंगरात शिफारस आहे ती ३.६ मीटर अंतराची, म्हणजे हेक्टरी जेमतेम साडेसातशे झाडे. मधल्या जागेत अरेबिका कॉफी. कॉफीवर सिल्व्हर ओकची आणि मूळच्या रानझाडांची सावली, त्या झाडांच्या खोडांवर चढवलेले मिऱ्याचे वेल. कॉफीची रोपे पीक धरायला तीन-चार वर्षे घेतात. तोवर घर केळीवर चालते, आणि त्याच केळीची सावली कोवळ्या कॉफीला मिळते. घड काढला की खोड तिथेच पाडायचे, चिरून आळ्यात टाकायचे. पुढच्या पावसाचे पाणी तेच धरून ठेवते.

या बागेत केळी एकदा लावली की वर्षानुवर्षे हलवायची नसते. एक घड उतरतो, त्याच्या पायथ्याला फुटलेला कोंब, म्हणजे मुनवा, मोठा होतो, मग त्याचा मुनवा. एक गड्डा एकाच कुटुंबाला वर्षामागून वर्षे फळ देतो. बाहेरून खत नाही, दरसाल नांगरट नाही, उतारावरची माती पावसात वाहून जात नाही. शाश्वत शेती हे नाव आज कशालाही चिकटवले जाते, पण या बागांना ते पूर्ण शोभते. म्हणूनच पुढचे सांगताना जीव हळहळतो, कारण विषाणूला सगळ्यात सोयीची ठरली ती हीच शेती. दाट झाडी, जागचा न हलणारा गड्डा, फक्त घड उतरवायच्या वेळी पडणारा माणसाचा पाय. एक झाड आजारी पडले तर ते कुणाच्या नजरेस पडायलाच कितीतरी दिवस लागत, आणि तोवर ते आजार वाटत उभे राही.

रोग समजायचा तर आधी केळीचे घराणे समजून घ्यावे लागते. आसामच्या किंवा सह्याद्रीच्या जंगलातले रानकेळे फोडले तर आत काळ्या, टणक बिया खच्चून भरलेल्या दिसतात. खायला गर असा फारसा नसतोच. आपण खातो त्या केळ्यांत बी उरलेले नाही. विरुपाक्षीत मूसा अक्युमिनाटा या रानकेळीचे दोन आणि मूसा बाल्बिसियानाचा एक असे गुणसूत्रांचे तीन संच आहेत. शास्त्रज्ञ या गटाला एएबी म्हणतात. संच विषम असल्यामुळे बी धरत नाही. वंश पुढे जातो तो फक्त कंदाला फुटणाऱ्या मुनव्यांतून. पळणीच्या उतारावरचे प्रत्येक विरुपाक्षी म्हणजे कधीकाळी कुणीतरी जपलेल्या मूळ झाडाचाच तुकडा आहे. हाताहाती मुनवे गेले नसते तर ही जात कधीच संपली असती.

बियांतून रोपे होणाऱ्या पिकांना एक मोठी सवलत असते. झाडांचे बहुतेक विषाणू बीमध्ये उतरत नाहीत, त्यामुळे दर पिढीला नवी, कोरी सुरुवात होते. केळीला ती सवलत नाही. मुनवा आईकडून चव घेतो, वास घेतो, उंची घेतो आणि आईच्या अंगातला रोगही घेतो. शेजाऱ्याने प्रेमाने दिलेला, वरून रसरशीत दिसणारा मुनवा खांद्यावर टाकून दुसऱ्या डोंगरावर नेला की त्याच्याबरोबर रोगही निघाला.

या रोगाला मराठीत पर्णगुच्छ म्हणतात. त्याची पहिली खूण फार बारीक असते आणि ती ओळखायला डोळा तयार करावा लागतो. केळीचे कोवळे पान उजेडाकडे धरून खालच्या बाजूने पाहायचे. मधल्या दांड्यापासून कडेकडे जाणाऱ्या बारीक शिरांवर गडद हिरवी टिंबे आणि तुटक रेघा दिसतात. एक टिंब, दोन रेघा, पुन्हा टिंब, अशा. दांड्याला मिळायच्या जरा आधी याच हिरव्या रेघा खाली वळून आकड्यासारख्या होतात. शेतकऱ्याला एवढे दिसले आणि त्याच दिवशी त्याने झाड काढले, तर बाकीची बाग वाचण्याची आशा असते. पुढच्या खुणा कुणालाही दिसतात, पण तेव्हा उशीर झालेला असतो. नवे पान आधीच्यापेक्षा आखूड आणि अरुंद येते, ताठ उभे राहते, कडा पिवळ्या पडतात, हातात घेतले तर कडकन मोडते. पोंग्यातून येणारी पाने पसरतच नाहीत. सगळी शेंड्याशी एकमेकांना चिकटून गुच्छ होतो. लहानपणी लागण झालेले झाड निसवतच नाही. मोठेपणी झाली तर घड येतो, पण वेडावाकडा आणि कामाचा नसलेला.

विषाणू म्हणावा तर अगदी लहानसा. एकपदरी डीएनएची सहा छोटी वर्तुळे, प्रत्येकी सुमारे १,१०० अक्षरांची. कोयत्याने किंवा विळ्याने तो पसरत नाही, वाऱ्याने नाही, मातीतूनही नाही. त्याला दोनच वाटा माहीत आहेत, मुनवा आणि केळीवरचा मावा. हा मावा काळपट तपकिरी असतो आणि खोडाच्या बुंध्याशी, सुटत आलेल्या पानांच्या पापुद्र्याखाली किंवा थेट पोंग्यात बसतो. मुंग्या त्याच्या गोड स्रावासाठी त्याला सांभाळतात. बुंध्यावर मुंग्यांची रांग दिसली तर पापुद्रा उचलून पाहावा, खाली मावा सापडतो. रोगट झाडाचा रस काही तास ओढला की विषाणू त्याच्या अंगात जातो, आणि मग तो मावा जिथे जाईल तिथे पुढचे कित्येक दिवस रोग देत राहतो. गर्दी वाढली की माव्याच्या काही पिल्लांना पंख फुटतात.

फिजी बेटांवर या रोगाची नोंद १८८९ मध्ये झाली. तिथून तो मुनव्यांबरोबर ऑस्ट्रेलियाला पोचला आणि १९२०च्या दशकाच्या पहिल्या पाच-सहा वर्षांत न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँडच्या सीमेवरचा केळीधंदा जवळजवळ नाहीसा झाला. कारण काय हे कुणालाच कळत नव्हते. मातीला, हवामानाला, खताला दोष देऊन झाले. चार्ल्स मॅगी या तरुण वनस्पतिरोगतज्ज्ञाने मावा आणि मुनवा या दोन्ही वाटा सिद्ध केल्या. औषध त्याच्याकडे नव्हते. त्याने नियम दिले. रोगट भागातून मुनवा हलवायचा नाही, तपासलेल्या बागेतलेच मुनवे लावायचे, निरीक्षक नियमित फिरतील आणि रोगट झाड दिसले तर मालकाने ते नष्ट केलेच पाहिजे. ऑस्ट्रेलियाने त्याचे कायदे केले, ते कडकपणे राबवले, आणि तिथली केळी परत उभी राहिली. तिथे आजही बागा तपासत फिरणारी माणसे आहेत.

भारतात हा रोग १९४०च्या सुमारास श्रीलंकेतून केरळात उतरला. मॅगीचे काम तेव्हा छापून झालेले होते, उपाय माहीत होता. पण डोंगरावरच्या शेकडो विखुरलेल्या छोट्या बागांत ती शिस्त कोण लावणार? रोग सरकत सरकत पळणीला पोचला तेव्हा शेतकऱ्यांनी वाळलेली झाडे काढून त्या जागी दुसरे मुनवे लावले, आणि ते मुनवे त्याच डोंगरातले होते. वर्षानुवर्षे न हलणारी बाग पुन्हा पुन्हा लावण्याची पाळी आली. काहींनी केळी सोडून दिली.

विरुपाक्षी परत आणायची तर आधी एक निरोगी झाड हवे होते. कोइंबतूरचे तामिळनाडू कृषी विद्यापीठ, त्याचे डोंगरातच तडियनकुडिसै येथे असलेले उद्यानविद्या संशोधन केंद्र आणि १९९३ मध्ये तिरुचिरापल्लीला सुरू झालेले राष्ट्रीय केळी संशोधन केंद्र, यांनी ते काम हाती घेतले. ऐकायला सोपे वाटते. चांगले दिसणारे झाड निवडा, उतिसंवर्धनाने रोपे वाढवा, वाटा. इथेच फसगत होते. लागण झाल्यावर लक्षणे दिसायला वेळ लागतो. त्या मधल्या काळात झाड निरोगीच दिसते. अशा झाडाचा तुकडा प्रयोगशाळेत नेला तर एका रोगट झाडाची हजारो रोगट रोपे तयार होतील, आणि तीही सरकारी शिक्क्यासह. म्हणून आधी मातृवृक्षाच्या पानांची चाचणी. एलायझाने विषाणूचे प्रथिन शोधतात, पीसीआरने त्याचा डीएनए. कंदाच्या अगदी टोकाची, वाढ चालू असलेली सुईच्या अग्राएवढी पेशींची टोपी बाजूला काढतात, कारण विषाणू तिथवर पोचण्याची शक्यता सगळ्यात कमी असते. बाटलीतल्या पोषक जेलीवर ती वाढते, फुटते, पुन्हा विभागली जाते. हे चक्र वाटेल तितके चालवता येत नाही. फार फिरवले तर मूळ जातीपेक्षा वेगळी निघणारी रोपे वाढतात, आणि वारशाची जात जपण्याचा हेतूच हरतो. उतिसंवर्धित रोपांच्या प्रमाणीकरणाची राष्ट्रीय पद्धत केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ मध्ये लागू केली, ती याच गोष्टींसाठी. कुठल्या मातृवृक्षाचे रोप, चाचणी कधी झाली, किती चक्रे झाली, याची नोंद असलेले रोपच घ्यावे, हा आग्रह शेतकऱ्याने धरला पाहिजे. तो त्याचा हक्क आहे.

बाटलीतून निघालेले रोप बोटभर उंचीचे आणि फार नाजूक असते. आधी धुक्याच्या ओलाव्यात, मग सावलीच्या जाळीत, पिशवीतल्या मातीत त्याला हळूहळू बाहेरच्या हवेची सवय करावी लागते. खालच्या पळणीत आणि सिरुमलैत लागवडीचा हंगाम एप्रिल-मे. त्या वेळी रोप तयार हवे. मागाहून तयार झालेल्या रोपाचा पावसाळा हुकतो, आणि ठिबक नसलेल्या उतारावर हुकलेला पावसाळा भरून निघत नाही.

आता ते निरोगी रोप कॉफीच्या मळ्यात लागले. गुच्छ झालेली जुनी केळी पलीकडच्या बांधावर तशीच उभी आहे. पुढे काय होणार?

ऑस्ट्रेलियातल्या बागांमध्ये रोग कसा सरकतो याची मोजदाद झाली आहे. नव्याने आजारी पडलेल्या झाडांपैकी सुमारे दोन तृतीयांश झाडे रोगाच्या उगमापासून २० मीटरच्या आत असतात. माव्याला पंख असले तरी तो फार दूर जात नाही. वीस मीटर म्हणजे पळणीच्या अंतराने लावलेल्या केळीच्या पाच-सहा झाडांचे अंतर, आणि डोंगरातल्या छोट्या तुकड्यांत एवढ्या अंतरात दोन मालक सहज येतात. आपली बाग कितीही स्वच्छ ठेवली तरी शेजारच्याने रोगट गड्डा ठेवला, तर प्रयोगशाळेतली सगळी मेहनत दोन-तीन वर्षांत मातीत जाते. म्हणून विरुपाक्षीचे खरे पुनरुज्जीवन प्रयोगशाळेत झाले असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिथे रोप तयार झाले. बाग उभी राहिली ती जिथे शेजारीपाजारी एकत्र आले, एकमेकांच्या हद्दीत जाऊन झाडे तपासू लागले आणि एकमेकांची झाडे काढायला राजी झाले तिथे. डोंगरी केळी पिकवणाऱ्यांचा महासंघ तामिळनाडूत उभा राहिला; भौगोलिक मानांकनाचा अर्जही त्याच महासंघाचा. त्या मानांकनाचा एक फायदा विक्रीत आहे, पण त्याहून मोठा फायदा असा की डोंगरातल्या विखुरलेल्या शेतकऱ्यांना एका नावाखाली बोलायला जागा मिळाली.

रोगट झाड काढण्याचीही एक रीत आहे, आणि ती चुकली तर काढणे न काढण्यापेक्षा वाईट. रागाने झाड उपटून बांधावर फेकले की वाळू लागलेल्या झाडावरचा मावा उठतो आणि आजूबाजूच्या हिरव्या केळींवर जाऊन बसतो. प्रत्येकाच्या अंगात विषाणू. म्हणून आधी झाड उभे असतानाच त्याच्यावरचा मावा मारायचा, पोंग्यात आणि बुंध्याच्या पापुद्र्यांत औषध पोचेल असा. नंतर खोडात तणनाशक टोचायचे, किंवा गड्डा मुनव्यांसकट खणून, तुकडे करून वाळवायचा. एक मुनवा मागे राहिला तरी तो रोगटच वाढतो. निखळ सेंद्रियाचा आग्रह धरणाऱ्यांना एवढेही औषध खटकते. पण कॉफी, मिरी आणि रानझाडे असलेल्या बागेत एकाच झाडाला, एकाच जागी दिलेली मात्रा आणि सगळ्या डोंगरावर दर महिन्याला मारलेली फवारणी, यांत निवड करायची तर पहिलीच निवडावी. नुसत्या फवारणीने हा रोग आटोक्यात येतही नाही; रोगट झाड जागेवर असेपर्यंत नवा मावा येतच राहतो.

क्षेत्र अजून १८,००० हेक्टरच्या आसपासही परतलेले नाही. रोगमुक्त रोपांच्या बागा उभ्या राहिल्या, काही ठिकाणी रोग पुन्हा शिरला, पुन्हा रोपे आणावी लागली. गवे आणि रानडुकरे बागांत शिरतात, मजुरी महाग झाली आहे. तरीही हे केळे पिकवणे परवडावे अशी एक गोष्ट विरुपाक्षीपाशी आहे जी फार थोड्या वारसा-जातींपाशी असते: हमखास गिऱ्हाईक. पळणीचा प्रसाद वर्षभर बनतो, सणासुदीला प्रचंड प्रमाणात, आणि त्याची कृती या केळ्याभोवती बेतलेली आहे. केवळ ‘जुनी जात वाचवा’ या आवाहनाने शेतकरी साडेसातशे झाडांच्या हेक्टरात वर्षभर राबणार नाही. त्याला घड उतरवायच्या दिवशी घेणारा माणूस दिसला पाहिजे.

प्रत्येक जुन्या जातीचा आजार मात्र एकच नसतो, आणि म्हणून विरुपाक्षीचा धडा जसाच्या तसा सगळीकडे चालत नाही. कर्नाटकात म्हैसूरजवळ नंजनगुडचे रसबाळे हे मऊ, सुगंधी केळे होते. त्यालाही भौगोलिक मानांकन आहे. त्याला संपवले ते मर रोगाने. ही बुरशी जमिनीत राहते, मुळांतून शिरते, झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बुजवते, आणि यजमान नसतानाही मातीत दशकानुदशके टिकून राहते. तिथे प्रयोगशाळेतले कितीही शुद्ध रोप आणून जुन्या जमिनीत लावले तरी जमीनच त्याला मारते. तिथे नवी, स्वच्छ जमीन शोधणे, पीकपालट करणे, पाणी आणि अवजारे वेगळी ठेवणे यावर भर द्यावा लागतो.

हीच बुरशी महाराष्ट्राच्या दाराशी आली आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगाच्या व्यापारात ग्रो मिशेल ही एकच जात चाले. मर रोगाने तिच्या बागा उद्ध्वस्त केल्या आणि १९६०च्या आसपास तिची जागा कॅव्हेंडिश गटातल्या केळ्यांनी घेतली, कारण त्या वेळच्या बुरशीला ती दाद देत नव्हती. आज जळगाव-रावेर-यावलच्या बागांत दिसणारी ग्रँड नैन ही त्याच गटातली. आता या गटालाही मारणारा त्या बुरशीचा नवा प्रकार आला आहे. टीआर-४ या नावाने तो ओळखला जातो. भारतात तो बिहारच्या कटिहार भागात सापडला, मग उत्तर प्रदेशात, गुजरातेत सुरतकडे आणि मध्य प्रदेशात बुऱ्हाणपूरला. बुऱ्हाणपूर आणि रावेर यांच्यामध्ये फक्त राज्याची हद्द आहे. ट्रॅक्टरच्या चाकाची माती, भाड्याने फिरणारी अवजारे, ओढ्याचे पाणी आणि हातोहात दिलेले मुनवे हद्द ओळखत नाहीत. जळगावच्या केळ्याला २०१६ मध्ये मानांकन मिळाले. पण एकाच जातीचे लाखो जुळे एका शेजारी एक उभे असताना एवढ्याने निर्धास्त होता येत नाही.

जुन्या जाती जपल्या पाहिजेत याचे हे व्यवहारी कारण आहे. बेल्जियममध्ये लूव्हेन विद्यापीठात केळीच्या १,५०० हून अधिक वाणांचा जगातला सर्वात मोठा संग्रह आहे; काही नळ्यांत वाढवलेले, काही द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर गोठवलेले. तिरुचिरापल्लीच्या केंद्राच्या शेतातही शेकडो वाण उभे आहेत. हे संग्रह अमोल आहेत. पण नळीतल्या विरुपाक्षीला कॉफीची सावली कशी मानवते, कुठल्या उतारावर घड मोठा येतो, काढणी कधी करायची, हे ज्ञान नळीत राहत नाही. ते बागेत राहते आणि बागवानाच्या हातात.

महाराष्ट्रात हा प्रश्न वसईत सगळ्यात ठळकपणे उभा आहे. वसई-विरार पट्ट्यातल्या वाड्यांत राजेळी केळी पिकत. जाड सालीची, लांब, घट्ट गराची ही जात केरळच्या नेंद्रनच्या गोत्रातली. आगाशी परिसरात ती पिकवून, सोलून, काही दिवस उन्हात वाळवतात आणि सुकेळी करतात. साखर नाही, मीठ नाही. उन्हाने गराचे पाणी जाते आणि गोडी दाट होते. पळणीला जसे पंचामिर्तम, तसे राजेळीला सुकेळी हे गिऱ्हाईक घरातच तयार होते. गोव्यात बार्देशमधल्या मयडे गावच्या केळ्यांना २०२१ मध्ये मानांकन मिळाले. राजेळीची गुणवत्ता त्याहून कमी नाही.

वसईत मात्र विषाणू किंवा बुरशी हा मुख्य शत्रू नव्हता. वाड्यांवर इमारती आल्या, पाणी साठवणारी बावखले बुजली, टँकरने विकण्यासाठी विहिरींचा इतका उपसा झाला की खारे पाणी आत शिरू लागले. १९८०च्या दशकाच्या शेवटी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीने याविरुद्ध मोठे आंदोलन उभारले. त्यामुळे काही हिरवे वाचले. पण केळीची वाडी कमी होत गेली आणि सुकेळी करणारी घरे हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकी राहिली.

पळणीने जे केले त्यातले बरेचसे इथे करता येईल, आणि करण्याची साधने महाराष्ट्रात आहेत. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ आहे, जळगावला केळी संशोधन केंद्र आहे, उतिसंवर्धनाच्या उत्तम प्रयोगशाळा खानदेशात आहेत, आणि मुंबईसारखी बाजारपेठ तासाभराच्या लोकलच्या अंतरावर. सुरुवात मुनव्यांपासून करावी लागेल. आगाशी, अर्नाळा, नाळे, भुईगाव या गावांत ज्या वाड्यांत राजेळीचे जुने गड्डे उरले असतील त्यांची यादी, प्रत्येक गड्ड्याची चाचणी, निरोगी निघतील त्यांची दोन वेगवेगळ्या ठिकाणी मातृबाग, आणि सुकेळी करणाऱ्या घरांशी हंगामाआधी ठरवलेला भाव. यातले पहिले काम सगळ्यात स्वस्त आहे आणि त्यालाच सगळ्यात कमी वेळ उरला आहे, कारण विकल्या गेलेल्या वाडीत पहिल्या आठवड्यात जेसीबी येतो.